गणपती घाट, सकाळी सव्वासहा: जलरंगाच्या रोजच्या नोंदी

३ जून

आजपासून नोंदी ठेवते आहे. शाळेत चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत ए ग्रेड मिळाली त्याला आता तीस वर्षं होतील. मधल्या काळात रंगपेटी अधूनमधून उघडली आणि मिटली. गेल्या चार वर्षांत तीनदा नेटाने सुरुवात केली, तिन्ही वेळा महिन्याच्या आत खंड पडला. काल शांतपणे बसून नेमकं काय अडतं ते शोधलं. वेळ अडत नाही. सकाळचा पाऊण तास घरात कोणी मागत नाही. अडतं ते असं: रविवारी मोठं चित्र काढायला घेते, ते बिघडतं, चांगला कागद वाया गेल्याची चुटपुट आठवडाभर राहते, आणि पुढच्या रविवारी हात पुढे होत नाही.

म्हणून या वेळी बेत लहान. जागा एकच, वाईचा गणपती घाट. ढोल्या गणपतीचं शिखर, देवळाची मागची भिंत, पायऱ्या आणि कृष्णेचं पाणी, एवढंच. वेळ सव्वासहा ते सात. पतसंस्थेचं काउंटर दहाला उघडतं, त्यामुळे घरी येऊन डबे भरून निघायला पुरतं. बावीस बाय तीस इंचाच्या शीटचे आठ तुकडे केले आहेत, एकेक साडेसात बाय अकराचा. कागद शंभर टक्के कॉटन, जाड (३०० जीएसएम), किंचित खरबरीत (कोल्ड प्रेस). रंग सहा, ब्रश तीन. सात वाजता थांबायचं, चित्र कुठेही असो, आणि मागे तारीख, हवा आणि वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा सलग थर, वाळायला लागलेली मिनिटं लिहायची.

मिनिटं का, ते पुढे कळेल. सध्या एवढंच माहीत आहे की मी दर वेळी तिथेच चुकते.

४ जून

आकाशाचा वॉश दोन मिनिटांत सुकला. शिखराच्या कडेपर्यंत पोचेपर्यंत मध्ये पट्टा उमटलेला.

५ जून

पुन्हा तेच. हवा कोरडी, सकाळी सहालाही दगड कोमट. आज बोर्ड जास्त तिरका धरला आणि एक इंची चपट्या ब्रशने भरपूर रंग एकदाच खाली ओढत आणला. खालच्या कडेला साचलेला थेंब ब्रश पिळून टिपून घेतला. पट्टा उमटला नाही. वॉश शाळेतही शिकवला होता, पण तेव्हा बाईंनी सांगितलं म्हणून बोर्ड तिरका धरायचो. आज कशासाठी धरायचा ते कळलं: पाण्याची कड सतत ओली राहावी म्हणून.

१२ जून

सलग नववा दिवस. धुणं घेऊन येणाऱ्या मावशी आज मागे येऊन उभ्या राहिल्या.

“रोज तेच देऊळ काय काढताय वैनी? कंटाळा न्हाय येत?”

मी म्हटलं, “मावशी, रोज तेच दिसत नाही ना.”

त्यांनी बोर्डाकडे बघितलं, मग पाण्याकडे. “ते खरंय. काल पाणी हिरवं होतं.”

काल खरंच हिरवं होतं. मी ते निळं रंगवलं होतं, कारण पाणी म्हणजे निळं असं हात आपोआप धरतो. कालचं चित्र काढून बघितलं तर मावशी बरोबर, मी चूक.

१८ जून

पायऱ्यांच्या दगडाचा रंग सापडला. आपल्याकडचा काळा पाषाण रंगवायला मी इतके दिवस तयार काळा किंवा पेन्स ग्रे (निळसर करडा) वापरत होते आणि घाट डांबरी रस्त्यासारखा दिसत होता. आज अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) पॅलेटवर अर्धवट मिसळले, एकजीव होऊ दिले नाहीत, आणि भरपूर पाण्यासकट पायरीवर सोडले. अल्ट्रामरीनचे कण पाण्यात एकमेकांना धरून गोळा होतात आणि कागदाच्या बारीक खळग्यांत जाऊन बसतात. वाळल्यावर जवळून पाहिलं तर निळसर दाणे एकीकडे, तांबूस छटा दुसरीकडे, आणि हातभर लांबून बघावं तर पावसाळ्याआधीचा खरबरीत बेसॉल्ट. ब्रशने एकही खडबडीत रेघ मारावी लागली नाही. पाण्याने आणि कागदाने ते आपणहून केलं.

इतका आनंद झाला की सात वाजून गेले तरी उठले नाही. नियम मोडला, आजच्यापुरता.

२३ जून

पाऊस लागला. देवळाच्या आडोशाला बसून काढलं. वॉशची चकाकी जायला नऊ मिनिटं.

इथे चकाकीबद्दल लिहून ठेवते, कारण सगळं त्यावर येऊन थांबतं. वॉश दिल्यावर कागद तिरका धरून उजेडात बघावा. पाणी वर उभं असतं तोवर तो काचेसारखा चमकतो. तेव्हा दुसरा रंग टाकला तर तो कुठेही पळतो. मग चमक मंदावते, साटिनच्या कापडासारखी होते. या वेळी टाकलेला रंग पसरतो पण आकार धरून राहतो. ढग, लांबची झाडं, धुकं याच वेळी. त्यानंतर चमक पूर्ण जाते, कागद कोरडा वाटतो, पण आत ओल असते. फसवणारी वेळ ती हीच. तेव्हा पाणीदार ब्रश टेकवला की पाणी आतला रंग ढकलत नेतं आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी दातेरी कडा फुटते. ही वेळ डोळ्याला कळत नाही. हाताच्या मागच्या बाजूने कागदाला हलकेच स्पर्श करायचा. गार लागला तर थांबायचं.

जूनच्या सुरुवातीला हे सगळं दोन मिनिटांत होत होतं. आज नऊ. म्हणजे एकच कृती, पण दर हवेला हाताचा ताल वेगळा.

२ जुलै

आज मन फार खट्टू झालं. आकाशाचा वॉश दिला आणि दोन ठिकाणी वाटाण्याएवढे गडद ठिपके उमटले. रंग तिथे टीपकागदावर पडावा तसा आत शोषला गेला. वाटलं, पाण्यात काही होतं. दुसरा तुकडा घेतला, त्यावर पाच ठिपके.

घरी येऊन गठ्ठा तपासला. चूक माझीच. कागद लोखंडी कपाटात ठेवला होता आणि कपाट पावसाळ्यात पाझरणाऱ्या भिंतीला टेकून. जलरंगाच्या कागदाला जिलेटिनचं किंवा तत्सम साइझिंग, म्हणजे खळीसारखा लेप, दिलेलं असतं, त्यामुळे पाणी वर थांबतं. दमटपणाने बुरशी धरली की ते साइझिंग जागोजागी जातं, आणि डोळ्याला काही दिसतही नाही. वॉश पडला की मगच कळतं. अकरा तुकडे गेले. उरलेला कागद प्लास्टिकच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून, माळ्यावर नव्हे तर स्वयंपाकघरातल्या उंच फळीवर ठेवला.

पॅलेटचंही तेच. रंगातला डिंक बाभळीच्या कुळातल्या झाडाचा. पावसाळ्यात तो चिकट राहतो आणि ओलं पॅलेट मिटलं की चार दिवसांत पांढरी लव. आता पॅलेट रात्रभर पंख्याखाली उघडं.

३ जुलै

गेलेले अकरा तुकडे टाकले नाहीत. त्यांवर फक्त टोनचे, म्हणजे उजेड-सावलीचे, अभ्यास करायचे ठरवलं: एकच बर्न्ट सिएना, तीन छटा, दहा मिनिटं. ठिपके पडोत.

११ जुलै

बिघडलेल्या कागदावर हात मोकळा चालतो, हे गेले आठ दिवस बघते आहे. देवळाची मागची भिंत आज पहिल्यांदा नीट जमली. ती सरळ नाही. १७६२ मध्ये गणपतराव भिकाजी रास्ते यांनी हे देऊळ बांधलं तेव्हा नदीकडची बाजू माशाच्या आकाराची केली, निमुळती, म्हणजे पुराचं पाणी तिच्यावर आदळून दोन्हीकडे फाटावं. इतके दिवस मी ती सपाट रंगवत होते आणि देऊळ खोक्यासारखं दिसत होतं. आज सावलीचा एक पट्टा दिला, त्याची एक कड साफ पाण्याच्या ब्रशने विरघळवली, आणि भिंत वळली. बांधणाऱ्याने पाण्याचा विचार करून दिलेला आकार पाण्यानेच कागदावर उतरला. हे मला दिवसभर पुरलं.

चकाकी जायला चौदा मिनिटं.

२५ जुलै

चार दिवस घाटावर जाता आलं नाही. वर धोम धरण, वरून महाबळेश्वरचा पाऊस. माझी बसायची पायरी पाण्याखाली आहे. रोज अंघोळीला येणारे काका रस्त्यात भेटले, म्हणाले, “ताई, आज चार पायऱ्या दिसत नाहीत. तुम्ही वरनंच बघा.”

घरून स्मरणचित्र काढायला लागले. परीक्षेत स्मरणचित्राचा पेपर मला सगळ्यांत जड जायचा. जत्रा, बस स्टॉप, पाणवठा असले विषय, आणि डोळ्यांसमोर काहीच यायचं नाही. आता डोळे मिटले की घाट येतो. पण येतो तो कुठे स्पष्ट, कुठे रिकामा. शिखर स्पष्ट. पायऱ्यांचे टप्पे स्पष्ट. देवळाच्या डावीकडे काय आहे ते पन्नास वेळा बघूनही सांगता येईना. ती जागा कागदावर कोरी ठेवली. पाणी उतरलं की पहिल्यांदा तिथेच बघायचं आहे.

३० जुलै

घरून. गढूळ पाण्यासाठी यलो ऑकरमध्ये (मातकट पिवळ्यात) किंचित बर्न्ट सिएना. चहाचा रंग नव्हे, ताकात गूळ घातल्यासारखा.

८ ऑगस्ट

पायरी वर आली. डावीकडे एक पिंपळाचं रोप आहे, भिंतीच्या फटीतून उगवलेलं.

१३ ऑगस्ट

आईंना साताऱ्याला दवाखान्यात ठेवलं आहे. आई म्हणजे माझ्या सासूबाई. घाटावर मी रोज जावं म्हणून सकाळचा चहा स्वतः करून देणाऱ्या त्या एकट्याच. नोंदी थांबतील.

२७ ऑगस्ट

आई घरी आल्या. आज चौदा दिवसांनी बसले.

काय झालं ते जसंच्या तसं लिहिते. रेखाटन व्यवस्थित आलं. रंग व्यवस्थित मिसळले. आणि वॉशमध्ये तीनदा चुकले. तिन्ही वेळा घाई, तिन्ही वेळा चमक गेल्यावर पण आत ओल असताना ब्रश लावला. आकाशात एक, पाण्यात दोन फुललेल्या कडा. जुलैत हा प्रकार पूर्ण थांबला होता.

म्हणजे डोळा विसरला नाही, हात विसरला. रेखाटन, प्रमाण, रंगसंगती या गोष्टी चौदा दिवसांत कुठे जात नाहीत. ओल ओळखणं जातं. ते डोक्यात राहत नाही; ते आजच्या हवेत, आजच्या कागदावर, आजच्या हाताला कळतं, आणि काल बसलेली असेल तरच आजचा फरक जाणवतो. कालचे चौदा, आज बारा, म्हणजे हवा जरा सुकली, हात जरा उचलायला हवा: हा हिशेब खंड पडला की तुटतो. तेलरंगात किंवा पेन्सिलीत इतका खंड चालून जातो. जलरंगात नाही. आठवड्याला एक मोठं चित्र काढून मी तीनदा का थांबले, त्याचं उत्तर मला वाटतं हेच आहे. दर रविवारी मी नव्या हवेत, विसरलेल्या हाताने, सगळ्यांत महाग कागदावर बसत होते.

आईंनी चित्र बघितलं. “आभाळात पानकोबी आलीय,” म्हणाल्या, आणि हसल्या. त्या पुन्हा हसल्या हे जास्त महत्त्वाचं.

३१ ऑगस्ट

चार दिवस लागले हात परत यायला. अकरा मिनिटं.

१० सप्टेंबर

गणपतीचे दिवस. घाटावर पहाटेपासून गर्दी, माणसं पायऱ्यांवर. माणसं काढता येत नाहीत असं मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आले. आज दुसरा मार्ग नव्हता. डोकं म्हणजे एक ठिपका, खांदे रुंद, खाली निमुळता ओघळ, पाय जवळपास नाहीतच. ठिपका ओला असतानाच खांद्याचा रंग त्याला टेकवायचा, म्हणजे मान आपोआप होते. अठरा माणसं काढली. त्यातली सहा चालत आहेत.

२ ऑक्टोबर

आज फक्त शिखर.

जलरंगात पांढरा रंग म्हणजे न रंगवलेला कागद, हे वाक्य मला शाळेपासून पाठ आहे, पण मी शिखर कायम सरळ कोरं सोडत होते आणि ते कातरीने कापून चिकटवल्यासारखं दिसायचं. आज ऊन शिखराच्या टोकावरून हळूहळू खाली उतरताना बघितलं. कोरा पांढरा फक्त कळसाजवळ, तळहाताएवढ्या भागात. बाकी शिखर सावलीत आहे आणि ती सावली पांढरी नाही: वरच्या बाजूला आकाशाचा निळा पडलेला, खाली पायऱ्यांवरून परतलेला तांबूस उजेड. सेरुलियन (आकाशी निळा) अगदी पातळ, त्यात ओल असतानाच खालून यलो ऑकरचा स्पर्श. आणि शिखर उजळावं म्हणून शिखराला काहीच करायचं नाही. मागचं आकाश अर्धी छटा गडद करायचं.

वाळल्यावर रंग फिका पडतो हे धरून आकाश मला नको इतकं गडद वाटेल असं लावलं. छाती धडधडत होती. वाळलं आणि बरोबर बसलं.

सात मिनिटं.

१४ नोव्हेंबर

लग्नासाठी कोल्हापूरला गेलो होतो. दुपारी दोन तास काढून टाऊन हॉलच्या संग्रहालयात गेले, आबालाल रहमान बघायला. ह्यांनाही घेऊन गेले. आबालाल जे. जे.मध्ये शिकले, मुंबईत राहून नाव कमावता आलं असतं, पण कोल्हापूरला परतले. शाहू महाराजांच्या दरबाराचे चित्रकार झाले आणि आयुष्य कोटितीर्थाच्या काठी काढलं. तळं, झाडं, पाण्यातलं देऊळ, पहाट, संध्याकाळ, पुन्हा तेच तळं.

मावशींच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे मिळालं असं म्हणायचा मोह होतो, पण खरं सांगायचं तर मी उत्तरासाठी गेलेच नव्हते. मी पाण्याच्या कडा बघायला गेले होते. जिथे तळं काठाला भिडतं तिथे हा माणूस काय करतो? काही ठिकाणी कड आहे, काही ठिकाणी अजिबात नाही. काठ आणि पाणी एकमेकांत गेलेले, आणि तरी पाणी कुठे संपतं ते कळतं. मी माझ्या घाटावर प्रत्येक पायरीची कड पाण्यापर्यंत ओढून नेते. ह्यांनी विचारलं, “इतका वेळ एकाच कोपऱ्याकडे काय बघतेस?” मी दाखवलं. मग तेही बराच वेळ बघत राहिले.

१६ नोव्हेंबर

शेवटच्या दोन पायऱ्या पाण्यात विरघळू दिल्या. सुटल्यासारखं वाटलं.

७ डिसेंबर

जूनमध्ये खिडकीला लावलेली पट्टी काढली. नोंदींत तिचा उल्लेख राहून गेला होता: सहाही रंगांचे पट्टे एका कागदावर, अर्ध्या भागावर काळा कागद चिकटवलेला, काचेला आतून टेपने लावलेले. पाच रंग दोन्हीकडे सारखे. ॲलिझरिन क्रिमझनचा (गडद लालाचा) उघडा भाग झाकलेल्याच्या निम्म्याने फिका. ट्यूबवर बारीक अक्षरात पीआर ८३ असा रंगद्रव्याचा क्रमांक लिहिलेला आहे. हे रंगद्रव्य उजेडात टिकत नाही असं वाचलं होतं, आता माझ्या खिडकीत पाहिलं. जून ते डिसेंबर, त्यात तीन महिने तर ढगच.

म्हणजे गणपतीतल्या चित्रांतली लाल लुगडी काही वर्षांत फिकी होणार. त्या चित्रांना भिंतीवर लावायचं नाही, वहीत अंधारात ठेवायचं. आणि पुढची ट्यूब पीव्ही १९ बघून घ्यायची, क्विनाक्रिडोन. रंगाचं नाव बघून घेण्यापेक्षा हा क्रमांक बघावा; नाव प्रत्येक कंपनी आपल्या मनाचं देते, क्रमांक तोच राहतो.

२२ डिसेंबर

धुकं. देऊळ दिसत नव्हतं, नुसतं जाणवत होतं. चकाकी जायला बावीस मिनिटं, आजवरची सगळ्यांत जास्त. जुलैपेक्षा जास्त! थंडी आणि धुकं एकत्र आलं की पावसाहूनही वाळणं लांबतं, हे मला माहीत नव्हतं. बावीस मिनिटांत एकच वॉश झाला आणि सात वाजले. त्यात साटिनची चमक इतका वेळ टिकली की शिखर, भिंत, पलीकडची झाडं सगळं एका ओलीत उतरलं, एकही कडा न येता. आतापर्यंतचं मला सगळ्यांत आवडलेलं चित्र हे. फार थोडं केलं त्यात.

९ जानेवारी

ताप. नाही गेले. आई म्हणाल्या, मी जाऊन बघून येते पाणी कसं आहे. गेल्या आणि येऊन सांगितलं, “आज काचेसारखं आहे, शिखर उलटं दिसतंय.” त्यांच्या सांगण्यावरून बिछान्यात बसून टोनचा अभ्यास, दहा मिनिटं. हाताची सवय तुटू नये एवढ्यापुरता.

२ फेब्रुवारी

कृष्णाबाईचा, म्हणजे नदीचा, उत्सव सुरू झाला. घाटांवर मांडव, आळीआळीची लगबग. माझ्या पायरीवर बांबू रोवले आहेत. मांडववाल्या पोरांनी विचारलं, “काकू, हितं बसता ना तुम्ही रोज? दोन पायऱ्या खाली सरका, तिथं दोरी येणार न्हाय.” त्यांना माहीत होतं.

दोन पायऱ्या खालून देऊळ वेगळं दिसतं. शिखर भिंतीच्या मागे थोडं बुडतं आणि माशाची निमुळती बाजू थेट अंगावर येते. मांडवाच्या पांढऱ्या कापडातून उजेड गाळून पायऱ्यांवर पडला होता, दगड पहिल्यांदाच उबदार राखाडी दिसला. सिएना जास्त, अल्ट्रामरीन नावाला. सहा मिनिटं.

डब्यात आता तीन तुकडे उरले आहेत. नवीन शीट शनिवारी पुण्याहून येईल. उद्याचा तुकडा बोर्डाला चिकटवून ठेवला आहे.